शेजारची वलांडी

ज्या माणसानं तुम्हाला फसवलं, त्याच्या बायकोनं आज कोणत्या रंगाची साडी नेसली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

ठाऊक नसेल तर तुम्ही सुटलात. ठाऊक असेल तर हे तुमच्यासाठीही आहे. पण मुळात मी लिहिते आहे ते पालीच्या रेजीनाबायसाठी. तिला हे उत्तर नऊ वर्षं रोज सकाळी ठाऊक असायचं. साडी नव्हे, गाऊन. त्या बायकोकडे, म्हणजे जसिंताकडे, कामावर घालायचे चार गाऊन होते आणि रेजीनाबायला त्या चारांची शिवण, उसवण, तुटलेलं बटण सगळं पाठ होतं. "आज हिरवा. तीन दिवसांत दुसऱ्यांदा. म्हंजे जांभला अजून धुतला न्हाय. आलशी." हे ती मान न वळवता बोलायची. हात चालूच असायचे.

त्या हातांबद्दल आधी सांगायला हवं.

भाईंदरजवळ, उत्तनच्या पुढे पालीच्या किनाऱ्यावर बांबूंच्या उंच चौकटी उभ्या असतात, त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या. ती वलांडी. तिच्यावर बोंबील सुकवतात. ओला बोंबील एकटा दोरीवर राहत नाही, घसरून वाळूत पडतो. म्हणून दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. सुकता सुकता त्यांचे दात एकमेकांत असे रुततात की सोडवायला गेलं तर जबडाच मोडतो. बाकीच्या बायका हे काम टोपलीत बघून करतात, कारण बोंबलाचे दात बारीक असले तरी बोटं सोलतात. रेजीनाबाय टोपलीकडे बघायचीच नाही. तिची बोटं आपली आपण जोडी शोधायची, अडकवायची, फेकायची. डोळे समोर, शेजारच्या वलांडीवर. तिच्या बोटांवर कायम चिरा असायच्या. त्या पाहून लोक म्हणायचे, किती कष्ट करते बिचारी. ते कष्ट नव्हते.

एकदा भाईंदरहून आलेलं एक गिऱ्हाईक तिला म्हणालं, "वा मावशी, सगळ्यांच्या जोड्या लावता तुम्ही!"

"बोंबलाला मेल्यावर जोडी मिलते," ती म्हणाली. "मी अजून जिती हाय. आनि मावशी कोनाला बोलतंस? तुझ्या आयशीची भैन हाय का मी?"

हाच टोमणा मीही पहिल्या दिवशी खाल्ला होता. त्यानंतर मी तिला बायच म्हणत आले.

मी पेणकरपाड्याची, भाईंदरच्या अलीकडची. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. आई गेली वीस वर्षं कसली ना कसली पत्रकं वाटते आहे: पाण्यासाठी, रेशनसाठी, फेरीवाल्या बायकांच्या जागेसाठी. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. पलीकडची अक्षरं अलीकडे उमटलेली असायची, त्यामुळे माझ्या 'क'च्या पोटात नेहमी एखादं 'निषेध' दिसायचं. असं वाढलेलं माणूस कुठंही गेलं की आधी अन्याय शोधतं. दोन वर्षांपूर्वी मी पालीला गेले, तीही तशीच. सुकवणीच्या जागेवर फिरायला येणाऱ्यांसाठी बाकं बसवायचा बेत निघाला आहे, अशी बातमी होती. कुणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी वही घेऊन एकेका बाईकडून तिची हरकत लिहून घेत होते.

रेजीनाबायची वलांडी गल्लीच्या तोंडाशी होती. किनाऱ्यावरची सगळ्यांत वाईट जागा. तिथून दिवसभर दुचाक्या जायच्या आणि ओल्या बोंबलावर धूळ बसायची. मी विचारलं, "बाय, तुमची हरकत काय?"

"लिव. जसिंताची वलांडी माझ्या वलांडीवर सावली टाकते."

"ते नाही हो. बाकांबद्दल."

"बाकं आली तर त्यावर कोन बसेल?"

"येणारेजाणारे. बाहेरचे लोक."

"बाहेरचे चार दिवस बसतील. मंग ती बसेल. नवरा जहाजावरून आला की सांजच्याला दोघं बसतील माझ्या डोल्यासमोर, शेंगा खात. लिव, मना ते न्हाय पायजे."

मी हसले. ती हसली नाही. वहीवर बोट ठेवून उभी राहिली. मग मी ते लिहिलं. शब्दाला शब्द. बाकीच्या सतरा बायकांनी जागा, पोट आणि पिढ्यान्पिढ्यांचा हक्क लिहिला होता, आणि अठराव्या हरकतीत लिहिलं होतं की बाकावर ती नवऱ्यासोबत शेंगा खाईल. आईनं ते पान वगळायला सांगितलं. मी वगळलं नाही. ज्याची हरकत त्याच्या शब्दांत जावी, हे मला तिनंच शिकवलं होतं. पुढे बाकं आली नाहीत. रेजीनाबायला अजूनही वाटतं की ती तिच्याच पानामुळे आली नाहीत.

त्या निमित्तानं मी पालीला जात राहिले, आणि हळूहळू मला तिच्या हरकतीमागचं कळत गेलं.

एका दुपारी सुकलेले बोंबील उतरवताना तिनं ते सांगितलं, एखाद्या तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. तिचं आणि गावातल्याच बस्त्यावचं तिच्या बाविसाव्या वर्षापासून ठरल्यासारखं होतं. ठरल्यासारखं म्हणजे गावाला माहीत, दोन्ही घरांना माहीत, फक्त साखरपुडा राहिलेला. बस्त्याव जहाजावर नोकरीला लागला. घरी त्याची आई एकटी, गुडघ्यानं अधू. रेजीनानं आपली वलांडी मूळ जागेवरून उपटली आणि बस्त्यावच्या आईच्या वलांडीशेजारी आणून लावली. गल्लीच्या तोंडाशी, धुळीत. आठ वर्षं तिनं आधी त्या घराचे बोंबील लावले, मग स्वतःचे. ढग आले की आधी त्यांचे उतरवले, मग स्वतःचे. बस्त्याव दर नाताळात यायचा आणि म्हणायचा, पुढच्या वर्षी.

आठव्या नाताळानंतरच्या एका रविवारी ती चर्चमध्ये बसली होती. त्यांच्यात लग्नाआधी तीन रविवार मुलामुलीची नावं सगळ्यांसमोर वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर फादरना कळवा असं सांगतात. फादरनी बस्त्यावचं नाव वाचलं, आणि पुढे वसईच्या जसिंताचं.

"मना काय वाटलं सांगू?" रेजीनाबाय म्हणाली. "मना वाटलं फादर चुकला. देवाशप्पथ. मी शेजारनीला बोलली पन, फादरचा चश्मा बदलायला पायजे. तर ती माझ्याकडं बघतच न्हाय. मंग मी मागं बघितलं, तर सगली बाकं माझ्याकडं बघतात."

"मग?"

"मंग काय. दुसऱ्या रविवारी गेली. तिसऱ्या रविवारी पन गेली. पुढच्या बाकावर बसली."

"अहो पण कशाला?"

"फादरनी नवा चश्मा आनला असेल तर?"

तिनं हे इतक्या कोरड्या चेहऱ्यानं सांगितलं, की हसावं का रडावं ते मला कळेना.

"आणि हरकत? उठून बोलायचं होतंत!"

"ते इचारतात आधीचं लगीन हाय का, नात्यातले हायेत का. मी त्याच्या आयशीचे बोंबील आठ वर्षं लावले, ही हरकत त्यांच्या यादीत बसत न्हाय."

माझं डोकं तापलं. मी म्हणाले, ही सरळ फसवणूक आहे, आठ वर्षांची फुकट राबवणूक आहे, अशा किती बायका असतील, यावर बोललं पाहिजे, लिहिलं पाहिजे. तिनं मला बोलू दिलं. मग टोपली कमरेवर घेत म्हणाली, "तुझं पत्रक तुझ्याकडंच ठेव पोरी. मना न्याय नको. मना ती तिथं नको."

जसिंता तिथंच होती. लग्नानंतर दोन महिन्यांनी बस्त्याव परत जहाजावर गेला आणि सासूची वलांडी सुनेकडे आली. दोन वलांड्यांच्या मध्ये चार पावलांची वाट. ज्याच्यासाठी हे सगळं, तो माणूस वर्षातले आठ महिने समुद्रावर, आणि किनाऱ्यावर या दोघी समोरासमोर. बस्त्यावबद्दल रेजीनाबाय फारसं वाईट बोलत नसे. तिचा सगळा जाळ शेजारच्या वलांडीसाठी राखलेला होता. जसिंताची दोरी नवी आली की हिला स्वतःची दोरी टोचायची. जसिंताच्या मुलीच्या केसांना फुलपाखराच्या क्लिपा लागल्या, तर ही दोन दिवस गप्प. किनाऱ्यावर एक तांबडा कुत्रा होता. तो वर्षानुवर्षं रेजीनाबायच्या टोपलीपाशी झोपायचा. एका मोसमात तो उठून चार पावलं पलीकडे जाऊन झोपू लागला, तिकडे ताडपत्रीची सावली होती म्हणून. तिनं त्याला मासळीचं डोकं टाकणं बंद केलं. "फितूर," ती म्हणायची. कुत्रा शेपटी हलवत आला तरी म्हणायची, "जा, फितूर. तिकडं जा, तुझ्या मालकिनीकडं."

मला या सगळ्याचा राग यायचा. तिचा नव्हे, त्या बस्त्यावचा. कुणाच्या नशिबी एवढं लक्ष असतं? सकाळी डोळा उघडल्यापासून एक माणूस तुमच्या घराची दोरी, ताडपत्री, कुत्रा, बटणं पाठ करत बसतं, आणि तुम्ही त्यातलं काहीही कमावलेलं नसतं. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवाच वाटायचा.

आता मुख्य गोष्ट. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, खडकांपाशी, एक जागा होती. वारा सरळ समुद्रावरून, धूळ नाही, रस्ता नाही. तिथला बोंबील पांढराशुभ्र सुकतो. दर मोसमाआधी गावातल्या वयस्क बायका बसून जागा ठरवतात, आणि दरवर्षी त्या ही जागा आधी रेजीनाबायला विचारायच्या. तिचं काम सगळ्यांत चांगलं, हे कुणालाही कबूल होतं. दरवर्षी ती म्हणायची, "तिकडं माझा पाय वलत न्हाय." कारण सगळ्यांना माहीत होतं. खडकांपासून गल्लीच्या तोंडाची वलांडी दिसत नाही. म्हणून गावातला सगळ्यांत चांगला हात धुळीत राबत होता. गिऱ्हाइकं तिचा बोंबील हातात घ्यायची, बोटावरची धूळ बघायची आणि पुढे जायची. चाळिशी आली होती. भावाच्या घरात वहिनी बोलायला लागली होती, की तुझ्या वलांडीवर घर चालत नाही तर नुसती बघत कशाला बसतेस. या एका नजरेपायी तिची जागा, तिचं नाव, तिचं घरातलं स्थान, सगळं चाललं होतं. आणि तिला ते माहीत होतं. हेच मला सहन व्हायचं नाही. माहीत नसलेल्याला पत्रक देता येतं. माहीत असलेल्याला काय द्यायचं?

गेल्या वर्षी एका सकाळी तिनं मला बाजूला बोलावलं. फोन गाऊनच्या खिशातून काढला.

"एक इचारू? हे जे लोक फोटो टाकतात, चोवीस तासांत जातात ते."

"स्टेटस."

"तेच. ते बघितलं, तर टाकनाऱ्याला कलतं काय, कोन बघतंय?"

मला हे चांगलंच माहीत होतं, आणि कसं माहीत होतं ते इथं सांगायचं कारण नाही. मी म्हणाले, "कळतं बाय. खाली डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबलं की नावं दिसतात. किती वाजता बघितलं तेही."

तिचा चेहरा असा झाला, जसा पहिल्या रविवारी त्या बाकावर झाला असेल.

"सगल्यांची नावं?"

"सगळ्यांची."

तीन वर्षं ती बस्त्यावचं प्रत्येक स्टेटस टाकल्या टाकल्या बघत होती. जहाजाचा कठडा, डब्यातलं जेवण, जसिंताच्या वाढदिवसाला जसिंताचा फोटो. तिला वाटत होतं आपण भिंतीच्या फटीतून बघतो आहोत. प्रत्यक्षात ती रोज त्याच्या दारात उभी राहून नाव सांगत होती.

मला वाटलं, आता तरी सुटेल. लाजेनं का होईना, सुटेल. मी म्हणाले, "बाय, नंबर काढून टाका. मी काढून देते."

तिनं फोन मागे ओढून घेतला. मग तिचे डोळे हळूहळू चमकायला लागले.

"म्हंजे तीन वर्षं त्याला ठाऊक हाय, मी बघते."

"हो."

"तरी तो टाकतो."

"बाय..."

"म्हंजे माझ्यासाठीच टाकतो!"

मी कपाळाला हात लावला. मत्सराला असं पोट असतं, की त्याला लाज वाढली तरी तो तिचा घास करतो. त्या दिवशी आमचं भांडण झालं. मी तिला मूर्ख म्हणाले. ती मला म्हणाली, "तू कागदावर शहानी. तुझ्या पोटात कदी दात रुतलेत का?" मी वही पिशवीत टाकून निघाले.

परत जाताना मी पहिल्यांदाच जसिंताच्या वलांडीपाशी थांबले. हिरवाच गाऊन होता. मला वाटलं होतं ती चढेल असेल, निदान निर्ढावलेली. ती घामाघूम होती आणि तिच्या जोड्या वेड्यावाकड्या लागल्या होत्या. ती आपणहून बोलली.

"ती माझ्याबद्दल बोलते ना?"

मी तिच्या टोपलीकडे बघितलं.

"मना ठाऊक हाय. मी पन सकाली गाऊन घालताना बघून घालते, तिला काय दिसेल ते. सासू अजून बोलते, रेजीच्या हातचा बोंबील न्यारा. नवरा आला की पयला प्रश्न, शेजारची वलांडी कशी चाललीय. नऊ वर्षं झाली. त्या घरात मी कदी एकटी नवरी नव्हतीच."

हे मी रेजीनाबायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आणखी दहा वर्षं तिथून हलली नसती.

मग तो नोव्हेंबरातला दिवस. मी तिथंच होते, वर्गणीच्या पावत्या घेऊन. दुपारपर्यंत कडक ऊन, आणि तीनच्या सुमारास अर्नाळ्याच्या बाजूनं काळं आभाळ चढलं. ऐन मोसमात, सगळ्या वलांड्या भरलेल्या. बायका ओरडत धावल्या. अर्धा सुकलेला बोंबील भिजला तर त्याला किडे पडतात, मग तो कोंबड्यांच्या खाद्यालाच जातो. जसिंता जागेवर नव्हती, मुलीला शाळेतून आणायला गेली होती. रेजीनाबाय धावली. तिचे हात असे चालले, की मी तसं कधी पाहिलं नव्हतं. जोडीमागून जोडी दोरीवरून निघत होती, टोपली भरली, दुसरी भरली, ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. मीही टोपल्या ओढत होते. सगळी वलांडी उतरली तेव्हा पहिले थेंब पडले. आणि मग मी वर बघितलं.

आम्ही जसिंताची वलांडी उतरवली होती.

रेजीनाबायची वलांडी चार पावलांवर भरलेली उभी होती, आणि पाऊस तिच्यावर कोसळत होता. 

तेवढ्यात जसिंता मुलीचा हात धरून धापा टाकत आली. झाकलेल्या टोपल्या बघून ती उभीच राहिली. "बाय, थँक्यू हां," ती म्हणाली. आणि मग तिचं लक्ष गेलं. "अगो बाय! तुझे राहिले!"

ती उघड्यावर तशीच धावली आणि रेजीनाबायचे बोंबील ओरबाडू लागली. तिची मुलगी पण. काही उपयोग नव्हता. रेजीनाबाय पावसात उभी राहून स्वतःच्या हातांकडे बघत होती, उलटे, सुलटे, कुणा परक्याचे हात असावेत तसे.

पाऊस अर्ध्या तासात गेला. आम्ही ताडपत्रीखाली बसलो होतो. मी भिजलेल्या पावत्या झटकत होते. रेजीनाबाय बोलली.

"आठ वर्षं मी आधी त्यांचे उतरवायची. हाताला तेच ठाऊक." मग ओला रुमाल पिळत, "नऊ वर्षं मी समजत होती, मी तिकडं बघते. मी बघत नव्हती गो. मी अजून तिथं कामाला होती."

दुसऱ्या सकाळी तिनं आपले बांबू उपटले. वयस्क बायकांना विचारायला ती गेली तेव्हा त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं फक्त एवढंच विचारलं, "पाय वलला का?" खडकांपाशी त्या वर्षी दुसरीच कुणी लावत होती. तिनं मुकाट्यानं अर्धी जागा सोडली. बांबू न्यायला सगळा किनारा आला. जसिंताही एका बांबूचं टोक उचलायला पुढे झाली.

"तू न्हाय," रेजीनाबाय म्हणाली. जसिंता एक पाऊल मागे सरली. मग रेजीनाबायनंच तोंड फिरवून सांगितलं, "तू दोरी आन."

तांबडा कुत्रा मिरवणुकीमागून खडकांपर्यंत गेला. तिथं ऊन होतं, म्हणून परत आला.

इथं गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं. एका पत्रकानं, एका मोर्च्यानं काही संपत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. खडकांपाशी वारा चांगला होता, बोंबील पांढरा निघू लागला, गिऱ्हाईक शोधत येऊ लागलं. पण पालीत शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडातूनच किनाऱ्यावर उतरतं. म्हणजे जसिंताच्या वलांडीवरूनच जातं. आणि रेजीनाबाय प्रत्येकाला, बोंबील मोजता मोजता, सहज विचारल्यासारखं विचारू लागली, "येताना पयली वलांडी लागली असेल ना? तिथं बाई होती? कोनत्या रंगाचा गाऊन?"

लोकांना काय. लोक सांगायचे. हिरवा. जांभळा. एकानं सांगितलं, नवा दिसतोय, पिवळा, फुलांचा. त्या दिवशी तिची जोडी दोरीवरून वाळूत पडली. पाचवा गाऊन! तिला न सांगता! दुपारी मी पोचले तेव्हा ती जागेवर नव्हती. किनाऱ्याच्या बरोबर मध्ये, दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर, ती रिकाम्या हातानं उभी होती.

"कुठं निघालात बाय?"

"कुटं न्हाय."

"चला परत."

"रंग कलला की पाय तिकडं वलतो," ती म्हणाली. "मी बांबू आनले, दोरी आनली. डोले तिकडंच राहिले."

मी तिला परत घेऊन आले. ती पाणी प्यायली, तिनं डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, आणि एकदम मला म्हणाली, "तू सगल्यांची पत्रकं काढतेस. माझं एक काढ."

"तुम्ही तर म्हणाला होता, मला न्याय नको."

"न्यायाचं न्हाय गो. लिव, की पालीला खडकाशी एक बाई हाय. ती इचारेल. तिला सांगू नका."

"नाव टाकू?"

"टाक. न्हायतर लोकांना कसं कलेल, कोनाला सांगायचं न्हाय ते?"

"लोक हसतील बाय."

"हसूदे. हसनारा मानूस सांगायचं इसरतो." मग बोट नाचवत म्हणाली, "आनि तू पन. मी शप्पथ घातली, रडली, शिव्या दिल्या, तरी सांगायचं न्हाय. सांगितलंस तर फितूर."

गेल्या आठवड्यात मी गेले होते. गल्लीच्या तोंडाशी मी मुद्दाम वाळूकडे बघत चालले, तरी गाऊनची खालची किनार दिसलीच. खडकांपाशी ती एकटी उभी होती, तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. माझी चाहूल लागताच तिनं न वळता विचारलं.

"कोनता?"

"लक्ष नव्हतं, बाय."

"खोटारडी."

"लक्षच नव्हतं."

टोपलीत वाकून तिनं दोन बोंबील उचलले. आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिला हातांकडे बघत जोडी लावताना पाहिलं. एक जबडा, दुसरा जबडा, सावकाश. बघत केल्यामुळे ती नवशिक्या पोरीसारखी हळू झाली होती. तिच्या बोटांवर एकही ताजी चीर नव्हती.

तर हे ते पत्रक आहे. नेहमीसारखं याच्या खाली सह्या मागायच्या नाहीत.

पालीला जा. गल्लीतून उतरलात की पहिल्या वलांडीवर एक बाई काम करत असेल. तिच्याकडून घ्यायचं तर जरूर घ्या, तिचंही पोट आहे आणि तिचाही काही गुन्हा नाही. तिनं मला जे सांगितलं ते इथं वाचलंत, ते पुढे नेऊ नका. मग किनाऱ्यानं सरळ खडकांपर्यंत चालत जा. तिथला बोंबील हातात घ्या, बोटाला धूळ लागणार नाही. रेजीनाबाय तुम्हाला सहज विचारल्यासारखं विचारेल, येताना पहिली वलांडी लागली का, तिथल्या बाईनं काय घातलं होतं. तुम्हाला रंग दिसलेला असेल. तिच्या डोळ्यांत बघून म्हणा, लक्ष नव्हतं. ती तुम्हाला खोटारडे म्हणेल.

म्हणू द्या. तरी रंग सांगू नका.